ग्रेट बॅरियर रीफ ठणठणीत आहे म्हणे!

प्रवाळं पांढरी पडल्याची बातमी पेपरात आली की पाठोपाठ एक मजकूर ग्रुपांवर फिरायला लागतो. शब्द बदलतात, ऐवज तोच असतो. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळांची लांबच लांब रांग, मेली म्हणून किती वर्षं ओरड चालली आहे, पण २०२२ साली तिथल्याच सरकारी शास्त्रज्ञांनी ३६ वर्षांतलं सर्वाधिक प्रवाळ मोजलं. एल निनो येतो नि जातो, त्यात नवीन काय? समुद्र एखाद्या अंशाने तापला तर बिघडतं कुठे, प्रवाळाला गरम पाणी आवडतंच. पांढरं पडलेलं प्रवाळ पुन्हा रंगतं, कोट्यवधी वर्षं हेच चाललंय. खरा दोष तारामाशांचा, वादळांचा आणि पर्यटकांच्या सनस्क्रीनचा. बाकी सगळा अनुदानाचा खेळ.

लिहिणारा हुशार आहे, कारण त्याने सुरुवात खऱ्या आकड्याने केली आहे. आपणही तिथूनच सुरू करू.

"२०२२ मध्ये विक्रमी प्रवाळ सापडलं"

सापडलं, यात वाद नाही. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स ही संस्था १९८० च्या दशकापासून या रीफची नियमित पाहणी करते. तिच्या ऑगस्ट २०२२ च्या अहवालात उत्तर भागात ३६ टक्के आणि मध्य भागात ३३ टक्के तळ कठीण प्रवाळाने झाकलेला होता, आणि हे दोन्ही आकडे तोवरचे सर्वाधिक होते. दक्षिण भागात त्याच वर्षी ३८ वरून ३४ टक्क्यांवर घसरण झाली होती, ती या मजकुरात कधी दिसत नाही. पण ते सोडा. हा आकडा काढतात कसा, ते जास्त महत्त्वाचं आहे.

एक छोटी मोटारबोट रीफच्या कडेकडेने, माणूस चालतो जेमतेम तेवढ्या वेगाने जाते. तिच्या मागे दोर, दोराला फळी आणि फळीला धरून मास्क लावलेला एक निरीक्षक पाण्यातून ओढला जात असतो. दोन मिनिटं झाली की बोट थांबते. तेवढ्या पट्ट्यात तळाचा किती भाग जिवंत कठीण प्रवाळाने झाकलेला दिसला, याचा अंदाज तो ठरलेल्या गटांमध्ये नोंदवतो. मग पुढची दोन मिनिटं. असं करत त्या रीफला पूर्ण फेरी मारायची. पद्धत साधी आहे आणि इतकी वर्षं तशीच राखल्यामुळे फार मोलाची आहे. मात्र तिला विचारलेला प्रश्न एकच: तळ किती झाकलाय? कोणत्या जातीने झाकलाय, त्या वसाहती दोन वर्षांच्या आहेत की दोनशे वर्षांच्या, हे ती सांगत नाही. शिवाय पांढरं पडलेलं पण अजून न मेलेलं प्रवाळ या मोजणीत जिवंतच धरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण ते जिवंत असतं.

२०२२ पर्यंतची वाढ मुख्यतः अ‍ॅक्रोपोरा या गटातल्या प्रवाळांची होती. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या फुटणारी किंवा मेजासारखी आडवी पसरणारी ही प्रवाळं भराभर वाढतात आणि रिकामा तळ काही वर्षांत भरून काढतात. पण उष्णतेने पहिली मरतात तीच, वादळी लाटांनी मोडतात तीच आणि प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांचं आवडतं खाणंही तेच. हा इशारा त्याच अहवालात होता. सह्याद्रीतलं जुनं जंगल तोडून तिथे ग्लिरिसिडिया लावला तर उपग्रहाच्या फोटोत डोंगर हिरवाच दिसतो. त्या हिरव्या रंगाची टक्केवारी वाचून शेकरू परत आलं असं कोणी म्हणत नाही.

आता पुढची गोष्ट, जी या मजकुरात कधीच जोडली जात नाही. २०२४ च्या अहवालातही आकडे चढेच होते, आणि तेव्हाही ते असेच फिरले. पण २०२४ च्या सुरुवातीला, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, रीफवर उष्णतेची जबरदस्त लाट आली होती, आणि त्या अहवालासाठीच्या बऱ्याचशा पाहण्या लाटेआधी किंवा लाट चालू असतानाच झाल्या होत्या. मेलेल्यांचा हिशोब व्हायचा होता. तो ऑगस्ट २०२५ मध्ये आला. उत्तर भाग ३९.८ वरून ३०, मध्य भाग ३३.२ वरून २८.६, दक्षिण भाग ३८.९ वरून २६.९ टक्के. उत्तर आणि दक्षिण भागांत पाहणी सुरू झाल्यापासून एका वर्षात एवढी घट कधीच झाली नव्हती. वादळं, पूर आणि तारामासे यांचाही त्यात वाटा होता, पण मुख्य कारण उष्णता. उत्तरेकडच्या लिझार्ड बेटाजवळ ड्रोनच्या चित्रांवरून केलेल्या अभ्यासात तपासलेल्या जागांवरची सरासरी ९२ टक्के प्रवाळं मेलेली आढळली. चार वर्षांत भरलेली जागा एका उन्हाळ्यात रिकामी होते, तर त्या भरण्याला तब्येत सुधारणं म्हणायचं का?

"एल निनोमुळे होतं, निसर्गाचं चक्र आहे"

एल निनोच्या वर्षी उष्ण कटिबंधातले समुद्र तापतात आणि १९९८ व २०१६ ची मोठी विरंजनं (म्हणजे प्रवाळं पांढरी पडणं) एल निनोच्याच काळात झाली, इथवर ठीक. पण मार्च २०२२ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर मोठ्या प्रमाणात प्रवाळं पांढरी पडली तेव्हा ला निना चालू होती. ला निना म्हणजे उलट बाजू, जेव्हा तिथलं पाणी तुलनेने निवायला हवं. ला निनाच्या वर्षी तिथे असं होण्याची ती पहिलीच वेळ. चक्र आजही आहे, पण ज्या पातळीभोवती ते फिरतं ती पातळीच वर सरकली आहे.

तिथल्या मोठ्या विरंजनांची वर्षं नुसती ओळीने वाचली तरी पुरे: १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५. जुन्या प्रवाळांच्या सांगाड्यांत झाडांसारखे वार्षिक थर असतात. त्यांच्या रसायनावरून, ही रीफ ज्यात आहे त्या कोरल समुद्राचं १६१८ पासूनचं तापमान काढणारा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. त्यात २०२४ चा उन्हाळा चारशे वर्षांतला सगळ्यात उष्ण ठरला. चक्र असतं तर एवढ्या चार शतकांत ते कुठेतरी आधीही दिसलं असतं.

जगाचं चित्रही तसंच. १९९८ च्या पहिल्या जागतिक विरंजनात सुमारे २१ टक्के प्रवाळक्षेत्राला धोकादायक उष्णता लागली होती. २०१० मध्ये ३७ टक्के, २०१४ ते २०१७ मध्ये ६८ टक्के. जानेवारी २०२३ पासून मार्च २०२५ पर्यंतच्या चौथ्या फेरीत ८४ टक्के.

"एका अंशाने काय होतंय?"

गरम पाणी प्रवाळाला आवडतं हे खरं, पण ते सोसण्याच्या वरच्या टोकाशीच ते राहतं. ज्या जागी ते वाढलं, तिथल्या सर्वात उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश सेल्सिअसने चढलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की गडबड सुरू होते.

प्रवाळ म्हणजे लाखो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाच्या जवळजवळ पारदर्शक मांसात एकपेशीय शेवाळ राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाच्या अन्नाची बहुतेक गरज त्यावरच भागते, रंगही त्याचाच. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की शेवाळातली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होऊ लागतात, आणि प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर काढतं. मग पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसतो. काही प्रवाळं याच सुमारास झगझगीत निळी, जांभळी, पोपटी दिसू लागतात. पर्यटक भारावून फोटो काढतात आणि "बघा, किती रंगीत" म्हणून तेच फोटो पुरावा म्हणून फिरतात. तो झगमगाट उपाशी प्रवाळाचा असतो.

अमेरिकेची 'नोआ' ही समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था उष्णता किती चढली आणि किती आठवडे टिकली, या दोन्हींचा गुणाकार करून साठलेला ताण मोजते. चार अंश-आठवडे भरले की विरंजन अपेक्षित, आठ भरले की मृत्यू. या मापात इशाऱ्याची सर्वात वरची पातळी पूर्वी दुसरी होती. २०२३ मध्ये कॅरिबियन समुद्र आणि फ्लोरिडाकडचं पाणी इतकं तापलं की तिसरी, चौथी आणि पाचवी पातळी नव्याने जोडावी लागली. फ्लोरिडा कीज बेटांच्या रांगेत त्या उन्हाळ्यानंतर शिंगाळ्या अ‍ॅक्रोपोराच्या दोन जाती जवळजवळ संपल्या. एका अंशाचं उत्तर तिथे मिळालं.

"पांढरं पडलेलं प्रवाळ मरत नाही, पुन्हा रंगतं"

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि बातम्या देणारेही इथे घोळ घालतात. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वसाहत सावरते. प्रश्न आहे तो वेळेचा. २०१६ च्या मार्च ते नोव्हेंबर या काळात ग्रेट बॅरियर रीफवरचं सुमारे ३० टक्के प्रवाळ मेलं. पुढच्याच वर्षी दुसरी लाट आली. २०१८ मध्ये नवी पिल्लं किती बसली ते मोजलं, तर नेहमीपेक्षा ८९ टक्के कमी. अंडी सोडायला मोठी प्रवाळंच उरली नव्हती.

याच रीफच्या दक्षिण भागातल्या वन ट्री बेटाचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण तिथे टक्केवारीचा अंदाज न बांधता एकेका वसाहतीवर लक्ष ठेवलं होतं. २०२४ च्या लाटेत ४६२ वसाहती निवडून पाच-सहा महिने त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं गेलं. एप्रिलपर्यंत ८० टक्के पांढऱ्या पडल्या होत्या. जुलैपर्यंत, म्हणजे पाणी थंड झाल्यावरही, पांढऱ्या पडलेल्यांपैकी ४४ टक्के मेल्या. ही जागा किनाऱ्यापासून लांब आणि कडक संरक्षणातली.

जगभरातल्या शंभर ठिकाणांचा अभ्यास सांगतो की १९८० च्या सुरुवातीला एका जागी दोन तीव्र विरंजनांमध्ये साधारण पंचवीस-तीस वर्षं जात, आता सहाच्या आसपास. सर्वात भराभर वाढणाऱ्या प्रवाळांनाही सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. कोट्यवधी वर्षांचा दाखला इथेच गळून पडतो. प्रवाळांचा वंश पुरातन काळातल्या संकटांतून टिकला हे खरं, पण मध्ये लाखो वर्षं रीफच नव्हत्या, आणि तेव्हा त्यांच्यावर कोणाची मासेमारी किंवा घरदार अवलंबून नव्हतं.

हे ऑस्ट्रेलियापुरतं नाही. लक्षद्वीपमध्ये अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथे भारतीय संशोधक १९९८ पासून प्रवाळ मोजत आले आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ अशा उष्णतेच्या तीन लाटा तिथे येऊन गेल्या. चोवीस वर्षांत प्रवाळाचं आच्छादन ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आलं. त्यातली एक गोष्ट "प्रवाळं जुळवून घेतात" म्हणणाऱ्यांच्या बाजूची आहे: प्रत्येक पुढच्या लाटेत मरणाऱ्यांचं प्रमाण कमी होत गेलं. पण सावरण्याचा वेगही प्रत्येक वेळी कमी झाला. जी नाजूक होती ती आधीच गेली, उरली ती चिवट आणि हळू वाढणारी. २०२४ च्या मे महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिथे पुन्हा तीव्र विरंजन झाल्याचं जाहीर केलं. लक्षद्वीपची बेटं प्रवाळावरच उभी आहेत. प्रवाळांची ही भिंत झिजली की लाटा आत येतात आणि विहिरींचं गोडं पाणी खारट होतं.

"तारामासे, वादळं आणि सनस्क्रीन"

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. १९८५ ते २०१२ या काळात ग्रेट बॅरियर रीफवरचं निम्मं प्रवाळ गेलं, आणि त्या नुकसानीतला ४८ टक्के वाटा वादळांचा, ४२ टक्के तारामाशांचा, फक्त १० टक्के विरंजनाचा होता. हा अभ्यास मजकूरवाल्यांचा लाडका आहे. पण त्याची मुदत २०१२ ला संपते, आणि वरच्या यादीतली आठपैकी सहा वर्षं त्यानंतरची आहेत.

सनस्क्रीनमधल्या काही रसायनांवर हवाई आणि पलाऊने बंदी घातली आहे, घालू देत. पण २०१६ मध्ये सर्वात जास्त मार पडला तो ग्रेट बॅरियर रीफच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे पर्यटक क्वचितच पोहोचतात.

"अनुदानासाठी रीफला मारतात"

२०१६ मध्ये एका अमेरिकन मासिकाने ग्रेट बॅरियर रीफचा मृत्युलेख छापला होता, आणि तो जगभर फिरला. त्यावर सगळ्यात आधी हरकत घेतली ती प्रवाळांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच: रीफ जखमी आहे, मेलेली नाही, आणि मेली म्हटलं की लोक प्रयत्न सोडतात, असं त्यांचं म्हणणं. २०२२ चा विक्रमी आकडाही कोणी शोधून काढलेला नाही, रीफची पाहणी करणाऱ्या त्या ऑस्ट्रेलियन संस्थेनेच पत्रक काढून जाहीर केला होता. अनुदानासाठी भीती घालायची असती तर तो दाबून ठेवणं त्यांच्या हातात होतं. २०२५ ची घटही तिनेच जाहीर केली, तीच बोट, तीच फळी, तीच दोन मिनिटं वापरून. ज्याला पहिला अहवाल विश्वासार्ह वाटतो, त्याने दुसरा का नाकारायचा याचं कारण त्या मजकुरात मला अजून सापडलेलं नाही.