दहा वर्षं झाली म्हणून पत्रा काढून टाकायचा नसतो

पाऊस जवळ आला की ग्रुपवर तोच मेसेज परत फिरतो. "पत्र्याला १० वर्षं झाली की रिपेरिंगला पैसे घालू नका, गळायला लागला म्हणजे सडला, रिपेरिंग दरवर्षीच करावी लागते, त्यापेक्षा सगळे पत्रे बदला, आणि सिमेंटचा पत्रा असेल तर तारेच्या ब्रशनं घासून वॉटरप्रूफिंग मारा." मी सोलापुरात साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी या बाजूला शेडची कामं करतो. नवीन पत्रा बसवण्यात मला जास्त पैसे सुटतात, तरी सांगतो, यातलं बरंचसं चूक आहे आणि शेवटचं तर जिवावरचं आहे.

पहिलं ते १० वर्षांचं. पत्रा वयानं जात नाही, वरचा जस्ताचा थर संपला की जातो. पांढरी पूड दिसत असेल तर जस्त झिजतंय, पण खालचं लोखंड अजून शाबूत आहे. लाल गंज दिसला म्हणजे तिथलं जस्त संपलं. एकाच छपरावर दोन्ही बघायला मिळतं, वळवाच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून आपण दगड ठेवतो ना, त्या दगडाखाली ओल धरून राहते आणि तिथंच पत्रा खाल्ला जातो, शेजारचा मात्र चांगला असतो. कडबा रचून ठेवला तरी तेच. दगड काढा आणि कडेच्या, कोपऱ्याच्या पत्र्यांना स्क्रू वाढवा, वारा पत्रा तिथूनच उचलतो.

आता "गळला म्हणजे सडला". हे लोकांना सगळ्यात जास्त पटतं आणि इथंच पैसे जातात. लोखंड तापलं की वाढतं, २० फुटी पत्रा ४० डिग्रीनं तापला तर साधारण ३ एमएम लांब होतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावायची सोय नसते, रात्री तोच गार होतो. रोजची ही ओढाताण स्क्रूवर येते, भोक लांबट होतं, रबरी वॉशर उन्हानं भाजून तडकतो, आणि पाणी तिथनं येतं. त्यात पाणी जिथं शिरतं तिथंच खाली पडेल असं नाही, पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो ती आडवी पट्टी, धरून चार-पाच फूट लांब जाऊन टपकतं. गेल्या जूनमध्ये एका लूमच्या शेडवर गेलो, मालक काकांना कुणीतरी ४२ पत्रे बदला म्हणून सांगितलेलं, मागाच्या बीमवर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावर, पाणी पडून सूत खराब होत होतं म्हणून ते पण घाबरलेले. बघितलं तर ११ वॉशर गेलेले आणि एका जोडाला फट, बाकी पत्रा टणक. एका दिवसाचं काम झालं.

तपासायला अवघड काही नाही. दुपारी शेडची दारं लावून आत अंधार करायचा, जिथनं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खूण करायची. मग एकानं आत थांबायचं आणि दुसऱ्यानं शिडीवरून पाणी ओतायचं, पण खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर जायचं, एकदम वरनं ओतलं तर काहीच कळत नाही. नळाला रोज पाणी नसतं हे मला पण माहितेय, तीन-चार बादल्या पुरतात.

रिपेरिंग दरवर्षी करावी लागते हे खरं आहे, पण डांबर फासलं तर. उन्हात ते पातळ होऊन ओघळतं, नंतर कडक होऊन फुटतं. मळून लावायचं सील पण दगडासारखं घट्ट होतं, पत्रा हलला की सुटतं. जुना स्क्रू काढून त्यापेक्षा एक साइज जाड स्क्रू चांगल्या वॉशरसकट नळीच्या उंचवट्यावर मारायचा, आणि जोडात ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, घालायची, ती पत्र्याबरोबर ताणते.

बदलायचं कधी? जोडाच्या आत लाल गंज धरलाय आणि स्क्रू-ड्रायव्हर दाबला की आरपार जातो, किंवा पर्लिनच सडलीय, तर रिपेरिंगचा हट्ट मी पण करू देत नाही. एका उतारावरचे साधारण पाव हिस्सा पत्रे असे निघाले की तो उतार पूर्ण बदला, दुसरा चांगला असेल तर राहू द्या. मधलेच दोन पत्रे बदलायचे तर नळी जुळली पाहिजे, चौकोनी घडीचा नवा पत्रा जुन्या गोल नळीवर बसत नाही, जोड उघडाच राहतो. आणि जुना जाड पत्रा काढून स्वस्तात ०.३५ एमएमचा घालत असाल तर जरा थांबून विचार करा.

सिमेंटच्या पत्र्याचं मात्र हात जोडून सांगतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस नावाचं तंतूंचं खनिज असतं, घासलं की त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत उडतात, फुफ्फुसात बसतात, आणि त्यानं होणारा कॅन्सर कित्येक वर्षांनी बाहेर येतो. ब्रश नको, ग्राइंडर नको, सुकं ड्रिल नको. वर पाय पण देऊ नका, हा पत्रा न वाकता एकदम तुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. काढायचाच झाला तर पाणी मारून ओला करून, बोल्ट सोडवून अख्खा उतरवायचा, पोरंबाळं लांब ठेवायची, आणि तुकडे झाले तर प्लॅस्टिकमध्ये बांधायचे, अंगणात भराव म्हणून टाकायचे नाहीत.