मदत कुणाची आणि हिशेब कुणाला?

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएडचा, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या स्वतःच्याच सरकारी संस्थेचा, गळा आवळला, तेव्हा माझ्या टाइमलाइनवर दोनच प्रकारच्या पोस्टी दिसत होत्या. एकीकडे ‘भीक नको पण कुत्रा आवर’वाले, दुसरीकडे ‘आता गरिबांच्या शाळा आणि जंगलं संपलीच’ म्हणून उर बडवणारे. मध्येच, अमेरिका भारतात मतदान वाढवायला २ कोटी १० लाख डॉलर देत होती म्हणे, याचा तमाशा झाला. ते पैसे बांगलादेशसाठीचे होते असं ‘इंडियन एक्सप्रेस’ने कागदपत्रांनिशी छापलं, तोवर बहुतेकांचा रस आटला होता. शाळा, पाणी, माती यांवर येणाऱ्या सरकारी परदेशी पैशाचं नेमकं काय होतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मी ऐन उमेदीची वर्षं अशाच पैशावर चाललेल्या कामात घालवली आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. वेळ असेल तरच वाचा.

आधी आकडा बघू. केंद्रीय अर्थखात्याच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे यूएसएडचे भारत सरकारसोबत सात प्रकल्प चालू होते, सगळे मिळून सुमारे ७५ कोटी डॉलरचे. त्या वर्षीची रक्कम ९ कोटी ७० लाख डॉलर, म्हणजे सव्वाआठशे कोटी रुपयांच्या आसपास. एकट्या महाराष्ट्राचा शालेय शिक्षणावरचा वर्षाचा खर्च याच्या कितीतरी पट आहे. प्रणव मुखर्जी अर्थमंत्री असताना २०१० मध्ये राज्यसभेत ब्रिटिश मदतीला ‘शेंगदाणे’ म्हणून मोकळे झाले होते. हिशेबाने ते बरोबरच होतं. तेव्हा ‘त्यांच्या पैशावर आपण जगत होतो’ हे खोटं, आणि ‘आता आपण बुडालो’ हेही खोटं.

(एक खुलासा, कारण कमेंटमध्ये हे येणारच. मुंबईच्या मेट्रो-३ ला जपानच्या जायका या मदतसंस्थेचा पैसा आहे, शेतीच्या पोकरा प्रकल्पाला जागतिक बँकेचा, पण ते कर्ज आहे. ते आपण फेडतोय, आपली पोरं फेडणार आहेत. मी बोलतेय ते अनुदानाबद्दल, जे परत द्यायचं नसतं.)

मग इतका चिल्लर पैसा असेल तर त्याचं महत्त्व काय? यासाठी आमच्या नगर जिल्ह्यात यावं लागेल. आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय.

नगरमध्ये फादर हर्मन बाखर नावाचे एक स्विस जेझुइट धर्मगुरू होते. आयुष्य इथल्या दुष्काळात काढलेला माणूस. त्यांच्या पुढाकाराने १९८९ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना उभी राहिली. पाणलोट विकास म्हणजे डोंगरमाथ्यापासून खाली पावसाचं पाणी आणि माती अडवत येणं. पैसा जर्मन सरकारचा, केएफडब्ल्यू आणि जीटीझेड या त्यांच्या संस्थांमार्फत येणारा, इथे तो हाताळणारी नाबार्ड ही शेती आणि ग्रामविकासाची बँक. गावांची आणि स्थानिक संस्थांची तयारी करून घ्यायला १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था निघाली, फादर बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी काढलेली. मी वॉटरमध्ये नव्हते. या कार्यक्रमात गावं हाताळणाऱ्या अनेक छोट्या संस्था होत्या, त्यांतल्या एकीत संघटक होते.

त्या कामाचं खरं वैशिष्ट्य पैसा उशिरा येण्यात होतं. गावाने मागणी केली की लगेच चेक, असं नव्हतंच. आधी श्रमदान करून दाखवा, म्हणजे ऐन उन्हात घमेली उचला. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत करा. मग पाणलोटाच्या एका छोट्या तुकड्यावर काम करून दाखवा, ते वर्ष-दीड वर्ष चालायचं, आणि त्यात गाव टिकलं तरच पूर्ण प्रकल्प. पुढेही अकुशल मजुरीच्या खर्चातला एक हिस्सा गावाने श्रमदानातून भरायचा. भूमिहीन आणि एकट्या बायांच्या घरांना त्यातून सूट. पैसे येणार ते गावच्या पाणलोट समितीच्या आणि संस्थेच्या जोडखात्यावर. गावाची सही नसेल तर आमची संस्था एक रुपयाही काढू शकत नव्हती. आमच्यातल्या काही जणांना हे भयंकर टोचायचं. आपण शिकलेले, आणि अंगठेबहाद्दरांच्या सहीसाठी थांबायचं!

नेट प्लॅनिंग हा माझा सगळ्यात आवडता भाग. गट नंबर घ्यायचा, त्या गटाच्या मालकाला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाही बोलवायचं आणि सगळी जमीन पायाखाली घालायची. उतार किती, मुरूम कुठे, माती कुठे, बांध कुठून काढायचा, सगळं जागेवर ठरवायचं आणि दोघांची सही किंवा अंगठा घ्यायचा. सुरुवातीला बायका बांधावर डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहायच्या. नवरा बोलणार, इंजिनिअर लिहिणार. एकदा एका गटात इंजिनिअरने लेव्हल लावून बांधाची रेघ आखली आणि आम्ही पुढे निघालो, तर मागून त्या घरची बाई म्हणाली, “ताई, तुमची रेघ बरोबर आसंल, पन पानी हितून फुटतंय. दरसालच्याला आमी हितंच दगडं लावितो.” नवरा तिच्यावर खेकसला. इंजिनिअर मात्र परत फिरला, चार पावलं खाली उतरला आणि वाहून आलेल्या गोट्यांची ओळ त्याला दिसली. रेघ बदलली. कार्यक्रमाच्या नियमात बायकोला बोलवणं लिहिलेलं नसतं तर ती बाई त्या दिवशी घरी भाकरी थापत बसली असती आणि बांध पहिल्याच वळवात फुटला असता.

सगळं गोडगोड नव्हतं. चराईबंदीचा पहिला घाव कुणाच्या पाठीवर बसला? धनगरांच्या, आणि ज्यांच्याकडे जमिनीऐवजी चार शेळ्या होत्या त्यांच्या. डोंगर बंद म्हटल्यावर त्यांनी मेंढरं घेऊन जायचं कुठे? जमीनवाल्यांच्या विहिरीला पाणी वाढणार आणि त्यासाठी भूमिहीनाने शेळ्या विकायच्या, हा हिशेब कुठल्याही गावात सरळ सुटला नाही. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं नाव पुढे जगभरच्या अहवालांत गाजलं, तिथेही धनगरांचा विरोध झाला होता. तिथे काम १९९६ मध्ये सुरू झालं. आधी वर्षाला तीन-चार महिनेच शेतात काम मिळायचं, नंतर ते नऊ-दहा महिन्यांवर गेलं. हे मोठंच आहे. पण विहिरींना पाणी आल्यावर पुढची पायरी बोअरवेल आणि नगदी पिकं, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पाणी अडवायला पूर्ण गाव घाम गाळतं आणि उपसायला ज्याच्याकडे मोटर तो. जर्मनीच्या अटी इथपर्यंत पोचल्या नाहीत. पोचल्या असत्या तरी पाळल्या गेल्या असत्या असं मला वाटत नाही.

तरी माझा मुद्दा असा की, पैसा परका असल्यामुळे काही गोष्टी जमल्या. आमदाराला दोन वर्षांत भूमिपूजन हवं असतं, जिल्हा परिषदेला मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. दीड वर्ष नुसतं गाव तयार करायला द्या, त्यात एक नाला अडत नाही, तरी पगार द्या, हे आपल्या बजेटात बसवायची कुणाची छाती नव्हती. बर्लिन किंवा बॉनमध्ये बसलेल्या कुणाला आमच्या गावात निवडणूक लढवायची नव्हती, म्हणून ही चैन परवडली. आणि ती सिद्ध झाल्यावर आपल्या सरकारने उचलली. १९९९-२००० मध्ये नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभा राहिला, २०० कोटींचा, आपल्याच पैशाचा, आणि तो या जर्मन प्रयोगाच्या अनुभवावर बेतलेला होता. माझ्या लेखी परदेशी मदतीचं सोनं होतं ते असं.

आता याच्या शेजारी राज्य सरकारची जलयुक्त शिवार योजना ठेवा. पैसा शंभर टक्के आपला. ज्यांना भिकेचा तिटकारा आहे त्यांनी खूश व्हावं असा. २०२० मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने सांगितलं की ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात आणि गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात फारसा परिणाम दिसला नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत यायचं सोडून जेसीबी थेट नाल्यात उतरले. नाला खोल दिसतो, फोटो छान येतो. राजकारण म्हणून हे लिहीत नाहीये, सत्तेवर दुसरे असते तरी जेसीबी तिथेच उतरला असता. स्वतःच्या पैशाला हिशेब विचारणारा कुणी नसेल तर तो परक्या पैशापेक्षाही बेवारस होतो.

शिक्षणातली गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि कडू. राजस्थानात १९९२ मध्ये ‘लोक जुम्बिश’ हे प्राथमिक शिक्षणाचं काम सुरू झालं, माजी शिक्षण सचिव अनिल बोर्डिया यांच्या पुढाकाराने. स्वीडनच्या सीडा या सरकारी मदतसंस्थेने तीन वाटे, केंद्राने दोन, राज्याने एक, असा हिशेब. त्यांचं शाळा मानचित्रण मी शिकायला म्हणून पाहून आलेय. गावातलीच माणसं जमिनीवर गावाचा नकाशा काढायची, नंतर तो कागदावर. प्रत्येक घर, त्या घरात मुलगे किती, मुली किती, शाळेत कोण जातं, कोण नाही, सगळं खुणांनी. नकाशा चव्हाट्यावर लागला की कुणाची मुलगी शेळ्यांमागे आहे हे अख्ख्या गावाला दिसायचं. पटनोंदणीचा कुठलाही सरकारी तक्ता इतका बोलका मी पाहिला नाही.

मे १९९८ मध्ये पोखरण झालं. स्वीडनने मदत थांबवली. अणुस्फोट दिल्लीने केला आणि शिक्षा झाली ती या शाळांना. पुढच्या वर्षी ब्रिटनचं डीएफआयडी हे मदतखातं आलं, पण मधल्या काळात जी माणसं विखुरली ती परत आली नाहीत, आणि नंतर ते काम मोठ्या सरकारी योजनांत विरघळून गेलं. परक्या सरकारचा पैसा म्हणजे परक्या सरकारचा राग-लोभ, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. २००३ मध्ये जसवंत सिंह अर्थमंत्री असताना भारताने बऱ्याच छोट्या देशांची द्विपक्षीय मदत घेणं बंद केलं. त्यात अभिमान होता, अडाणीपणाही होता. पण लोक जुम्बिशचं झालेलं पाहिल्यावर त्या निर्णयाला निव्वळ मूर्खपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पवईच्या आयआयटीलाही सोव्हिएत मदत होती, हे तिथल्या किती मुलांना माहीत असतं देव जाणे. १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत रशियाची यंत्रं आणि तज्ज्ञ आले, आपल्या प्राध्यापकांना तिकडे शिकायला पाठवलं, इमारतींचा आणि बाकीचा खर्च आपण केला. पाहुणे गेले, संस्था राहिली. म्हणजे जर्मनांचा पाणलोट आणि रशियाची पवई, दोन्हीकडे आपला हात आधीपासून कामात होता.

यूएसएड बंद झाल्याचा खरा फटका कुणाला बसला, तर जिथे हा हात अजून तयार नव्हता त्यांना. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रुबिओ यांनी ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं सांगितलं, १ जुलैला संस्थाच मिटली. मलावीसारख्या देशात मुलांना वाचायला शिकवण्याचे कार्यक्रम यावर चालत होते. तिथल्या शिक्षिकेला ‘भीक नको’ म्हणायची चैन नाही. नामिबियाचं उदाहरण मात्र बघण्यासारखं आहे (कुनोत पहिले चित्ते आले तोच देश). तिथेही १९९३ पासून अमेरिकेचा पैसा वन्यजीव संवर्धनाला आला, पण १९९६ मध्ये त्यांच्या संसदेने कायदा करून वन्यजीवांवरचा हक्क गावांच्या संवर्धन मंडळांना दिला. कायदा अमेरिकेचा नव्हता, म्हणून तो अमेरिकेला परत नेता येत नाही.

ब्रिटननेही मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ वर आणली, २०२७ पर्यंत ०.३ वर नेणार. जर्मनीतही कात्री चालूच आहे. हा आटणारा झरा आहे.

आणि आता आपण देणारे आहोत, हे आपल्या लक्षात येत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या भूतानला २,१५० कोटी रुपये होते. वर आकडा दिला त्या यूएसएडच्या वर्षाच्या रकमेच्या अडीचपट. पुण्यात आयसीसीआर या आपल्या सरकारी संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी अफगाण, आफ्रिकी मुलं आपण वर्षानुवर्षं पाहतोय. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा त्यातली कितीतरी इथेच अडकली. हा पैसा द्यावा, माझी काही तक्रार नाही. उलट मुलांना शिकवण्याइतका चांगला परदेशी खर्च दुसरा नसेल.

पण तो खर्चून काय झालं, हे कोण बघतं? ब्रिटनने २०११ मध्ये मदतीची तपासणी करायला एक स्वतंत्र आयोग नेमला, सरकारला नको असेल ते छापणारा. २०२३ मध्ये त्याच आयोगाने भारताला दिलेल्या मदतीवरून स्वतःच्याच सरकारचे कान उपटले होते. चांद्रयान उतरलं तेव्हा ‘आमचे पैसे परत द्या’ म्हणत तिथल्या एका चॅनेलने जे आकडे नाचवले, ते त्याच अहवालातले. आपण त्या अँकरला शिव्या दिल्या, मीम केले, मजा केली. पण त्यांच्याकडे नाचवायला अहवाल तरी होता. आपल्या परराष्ट्र खात्याच्या मागण्यांत देशवार रकमांचा तक्ता दरवर्षी छापला जातो. त्या रकमेतून कुठली शाळा उभी राहिली, ती अजून भरते का, कुठलं जंगल राखलं गेलं, कुणाला सूट मिळाली आणि कुणाच्या शेळ्या गेल्या, हे तपासून संसदेपुढे ठेवणारी तशी स्वतंत्र यंत्रणा आपल्याकडे नाही.

माझ्या खासदारांना याबद्दल प्रश्न विचारायची विनंती मेलवर पाठवली आहे. उत्तर आलं तर इथेच कमेंटमध्ये डकवीन.