बेकायदा झडती आणि न्यायालयातला पुरावा

पोलिसांनी एखाद्याच्या घराची झडती घेऊन फोन, लॅपटॉप जप्त केले, की भारतातली चर्चा तो माणूस कोणत्या विचारांचा आहे यावरच घुटमळते, आणि झडती कायद्याला धरून झाली का हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकेत राहून या बातम्या वाचताना मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

इथल्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने १७९१ पासून अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षण दिले असले, तरी त्याला खरा दरारा आला तो मॅप खटल्यामुळे. १९५७ मध्ये क्लीव्हलँडचे पोलीस बॉम्बस्फोटातील संशयिताच्या शोधात डॉलरी मॅप यांच्या घरात घुसले. वॉरंट म्हणून त्यांनी दाखवलेला कागद न्यायालयात कधीच सादर झाला नाही, आणि मॅप यांना शिक्षा झाली ती झडतीत सापडलेल्या अश्लील पुस्तकांवरून. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून, असा पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही चालणार नाही असे ठरवले. पुढे १९८४ मध्ये पोलिसांनी सद्भावनेने वॉरंटवर विसंबून केलेल्या झडतीला अपवाद मिळाला, आणि विमानतळावर आम्हा परदेशी नागरिकांचे फोन आजही वॉरंटशिवाय तपासले जातात. इथे सारे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही.

आपल्या संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच संरक्षणाची दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली, तरीही ती फेटाळली गेली, याची मला खंत वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. मात्र बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही संबद्ध असल्यास ग्राह्य धरणारा सर्वोच्च न्यायालयाचाच १९७३ चा पूरन मल निकाल अजून आड येतो. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १०५ ने झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले, हे स्वागतार्हच आहे. पण ते केले नाही तर पुराव्याचे काय, हे त्या कलमात लिहिलेले नाही.

गुन्हेगार सुटतील ही भीती खोटी नाही. तरीही राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोरच अंगझडती व्हावी असे मागण्याचा हक्क संशयिताला आधी न सांगितल्यास सापडलेल्या अमली पदार्थावरून त्याला दोषी ठरवता येणार नाही, असे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या बलदेव सिंग प्रकरणात ठरवलेले आहे. घराच्या आणि फोनच्या झडतीलाही तोच दंडक लावणारे पोटकलम संसदेने कलम १०५ मध्ये घालावे.