ज्वालामुखी नाही म्हणजे धोका नाही, असं नाही

पॅसिफिकभोवतीच्या ज्वालामुखी आणि भूकंपांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘जिथे ज्वालामुखी, तिथेच भूकंप’ हे वाक्य खटकलं. पेरू बघा. नाझ्का प्लेट, म्हणजे समुद्रतळाचा एक प्रचंड सरकता खडकाळ तुकडा, तिथे दरवर्षी काही सेंटीमीटर दक्षिण अमेरिकेखाली सरकते. दक्षिण पेरूत ती तिरकी खोल उतरते. साधारण १०० किलोमीटर खोलीवर तिच्यातून सुटणारं पाणी वरच्या तापलेल्या प्रावरणात (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात) शिरतं, खडकाचा वितळणबिंदू खाली येतो आणि मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, तयार होतो. आरेकिपाजवळचा मिस्ती ज्वालामुखी त्यातलाच. म्हणूनच ज्वालामुखींची रांग समुद्रातल्या गर्तेवर (प्लेट जिथे खाली शिरते त्या खोल खाईवर) नसते, बरीच आत जमिनीवर असते. लेखासोबतच्या नकाशात दोन्ही एकाच जाड रेषेत दाखवल्यामुळे हे कळतच नाही.

उत्तर आणि मध्य पेरूत मात्र तीच प्लेट तेवढ्या खोलीवर जाऊन जवळजवळ आडवी होते. वर तापलेल्या प्रावरणाला जागाच उरत नाही, त्यामुळे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात एकही जागृत ज्वालामुखी नाही. भूकंप मात्र होतातच. ३१ मे १९७० चा अंकाश प्रांतातला भूकंप याच भागातला. केंद्र किनाऱ्याजवळ समुद्राखाली, पण हुआस्करान शिखराचा बर्फ-दगडांचा कडा सुटला आणि युंगाय गाव काही मिनिटांत गाडलं गेलं. टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत धावत पोहोचलेले काही जण वाचले. चौकातल्या ताडांचे फक्त शेंडे चिखलावर उरले.

तेव्हा कृपया नकाशात ज्वालामुखी आणि भूकंपकेंद्रं वेगळ्या रंगांत दाखवा, जमल्यास केंद्रांची खोलीही द्या. शाळेतली मुलं हे लेख वाचतात.