गुणसूत्रांवरच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

"एक्सएक्स म्हणजे बाई, एक्सवाय म्हणजे पुरुष, बाकी सगळा मानसिक आजार" हा मेसेज सध्या खूप फिरतोय. त्यातला गुणसूत्रांचा भाग अर्धवट आहे आणि आजाराचा चुकीचा.

बहुतेकांच्या बाबतीत गुणसूत्रं आणि शरीर जुळतात, हे खरंच आहे. पण गर्भात साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत सगळ्यांच्याच जननग्रंथी सारख्या असतात. पुढे वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (शोध 1990 चा) वृषणं घडवायला सुरुवात करतं, मग संप्रेरकांचं (हार्मोन्सचं) काम. यातला एखादा टप्पा वेगळा पडू शकतो. काही मुलींची गुणसूत्रं एक्सवाय असतात, पण शरीर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाही. त्या मुली म्हणूनच जन्मतात, वाढतात. पाळी येत नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा कळतं की गर्भाशय नाही, पोटात वृषणं आहेत. अशा मुलीला हा मेसेज वाचून काय वाटेल?

ट्रान्स असणं, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणं, ही मात्र वेगळी गोष्ट. कृपया दोन्हींची गल्लत नको. ट्रान्स व्यक्तींची गुणसूत्रं सहसा नेहमीसारखीच असतात. लिंगभावाची ओळख म्हणजे आपण स्वतःला आतून कोण समजतो ते, आणि ते रक्ततपासणीत दिसत नाही.

आणि 'आजार'? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, ट्रान्स असण्याशी संबंधित नोंद मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. 1 जानेवारी 2022 पासून ही यादी लागू आहे.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.