खोकल्याने हार्ट अटॅक थांबत नाही

‘एकटे असताना हार्ट अटॅक आला तर बेशुद्ध व्हायला फक्त १० सेकंद असतात. दर दोन सेकंदांनी खोल श्वास घेऊन जोरात खोकत राहा. हृदय दाबलं जाऊन रक्त फिरत राहील, ठोके पूर्ववत होतील.’ हा मेसेज १९९९च्या सुमारास ईमेलवर फिरत होता, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. सल्ला मात्र घातक आहे.

‘फक्त १० सेकंद असतात.’ हे १० सेकंद कार्डिअ‍ॅक अरेस्टचे, म्हणजे हृदयाने अचानक रक्त ढकलणं थांबवण्याचे आहेत, हार्ट अटॅकचे नव्हेत. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. निरोगी हृदयात उजव्या कर्णिकेतल्या (वरच्या कप्प्यातल्या) पेशींचा एक छोटा पुंजका मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा संकेत सोडतो. तो आधी कर्णिकांमध्ये पसरतो, मध्ये क्षणभर रेंगाळतो, मग जवनिकांत (खालच्या कप्प्यांत) उतरतो आणि त्या आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकते. स्नायू मरू लागतो, पण हृदय बहुधा धडधडतच असतं. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, दुखणं तासन्‌तास सोसतो. रक्त फिरतंच आहे. हवी आहे ती गुठळी काढणं किंवा विरघळवणं, आणि ते खोकून होत नाही. अरेस्टमध्ये उलट वीजच बिघडते, जवनिका नुसत्या थरथरतात किंवा थांबतात आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. तो खोकणार कधी?

‘खोकल्याने रक्त फिरत राहतं.’ याला एक खरा आधार आहे. १९७६ साली अमेरिकेत अँजिओग्राफीच्या टेबलावर जवनिका थरथरू लागलेले काही रुग्ण सतत खोकून २४ ते ३९ सेकंद शुद्धीवर राहिल्याची नोंद प्रसिद्ध झाली. खोकताना छातीत दाब वाढतो, त्याने थोडं रक्त मेंदूकडे जातं. पण तिथे मॉनिटरवर ठोके दिसत होते आणि शॉकचं यंत्र शेजारीच होतं. घरात यातलं काहीच नसतं.

‘ठोके पूर्ववत होतात.’ थरथरणाऱ्या जवनिकांना ताळ्यावर आणतो तो विजेचा शॉक. एका वेगळ्या प्रकारची, अचानक वाढलेली धडधड कधीकधी खोकल्याने किंवा कुंथल्याने थांबते. तो हार्ट अटॅक नसतो.

‘करून बघायला काय हरकत?’ हरकत वेळेची आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते. खोकत बसलेला माणूस फोन करत नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप, मळमळ असं काही वाटलं तर आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती न दुखताही अटॅक येऊ शकतो. दाराची कडी काढून बसून राहा, स्वतः गाडी चालवू नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवरच्या माणसाला विचारून गोळी चावून खा.

आणि समोरचा कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर अ‍ॅम्ब्युलन्सला कळवून लगेच त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत.