एनसीएएचा कोच, महासंघाचा पास आणि मधे लटकलेला खेळाडू

अमेरिकन कॉलेजात शिकणारा आपला एखादा खेळाडू मोठ्या स्पर्धेत उतरतो आणि त्याला रोज शिकवणारा कोच आसपास कुठेच नसतो. मग नातेवाइकांपासून क्रीडा पत्रकारांपर्यंत सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: "एनसीएएचा नियम आहे हो, कॉलेजच्या कोचला परवानगी नसते." हे निम्मंच खरं आहे. उरलेला निम्मा दोष आपल्या राष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या पदरात जातो, आणि तो कुणी घालत नाही म्हणून ही पोस्ट. लांब आहे. ज्यांची मुलं स्कॉलरशिपच्या खटपटीत आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी नियम काय आहे ते. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडेचा कारभार पाहणारी संस्था. तिचं मूळ बंधन असं की ज्या बाहेरच्या संघात तुमच्याच कॉलेजचा, अजून खेळण्याची पात्रता शिल्लक असलेला खेळाडू आहे, त्या संघाशी त्या खेळाच्या कोचने संबंध ठेवायचा नाही. शिवाय एका कॉलेजचे किती खेळाडू एकाच बाहेरच्या संघात खेळू शकतात यावरही मर्यादा: बास्केटबॉलला 2, फुटबॉलला (आपल्या, पायाने खेळायच्या) 5. कारण उघड आहे. हे नसतं तर प्रत्येक श्रीमंत कॉलेजने उन्हाळ्यात एक 'क्लब' काढला असता, त्यात आपलीच सगळी पोरं भरली असती आणि बारा महिने सराव चालू ठेवला असता. अभ्यास गेला चुलीत.

म्हणूनच तासांचाही हिशेब आहे. हंगामात दिवसाला जास्तीत जास्त 4 तास, आठवड्याला 20, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगामाबाहेर आठवड्याला 8 तास. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी 3 तासच धरतात, म्हणजे सकाळी प्राथमिक फेरी, संध्याकाळी अंतिम, मधे सहा तास तलावावर बसून राहिलात तरी वहीत 3. 'ऐच्छिक' सराव या हिशेबात येत नाही, पण ऐच्छिक कशाला म्हणायचं याच्या अटी कडक आहेत: मागणी खेळाडूचीच हवी, हजेरी कोचकडे जाता कामा नये, काय केलं ते कोचला सांगायची सक्ती नको, आणि आला नाही म्हणून शिक्षा किंवा आला म्हणून शाबासकी नको. कोचने फोनवरून "आज हे कर आणि मला व्हिडिओ पाठव" म्हटलं की तो सराव ऐच्छिक राहत नाही. राष्ट्रीय शिबिरात बसून कॉलेजच्या कोचकडून व्हॉट्सॲपवर धडे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता निम्मं सत्य कुठे संपतं ते बघू. याच नियमपुस्तकात राष्ट्रीय संघ, ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद, जागतिक विद्यापीठ स्पर्धा यांना सरळ सूट आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला जलतरण संघाचे मुख्य प्रशिक्षक होते व्हर्जिनिया विद्यापीठाचे टॉड डीसॉर्बो, आणि त्यांच्याच कॉलेजात शिकणारी ग्रेचेन वॉल्श त्या संघात होती. 2025 ला लोझानमध्ये 19 वर्षांखालच्या बास्केटबॉल विश्वचषकात अमेरिकेचे कोच ॲरिझोना विद्यापीठाचे टॉमी लॉइड होते, आणि संघात त्यांच्याच कॉलेजात दाखल होणारा कोआ पीट. 2015 ला ग्वांगजूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तर कॅन्सस विद्यापीठाचा जवळजवळ अख्खा बास्केटबॉल संघच, कोच बिल सेल्फ यांच्यासकट, अमेरिकेच्या नावाने खेळला आणि सुवर्ण घेऊन आला. त्या वेळी स्व्हियातोस्लाव्ह मिखाइल्युक हा युक्रेनी खेळाडू मात्र त्याच कॉलेजात असूनही त्या संघातून खेळू शकला नाही, कारण पासपोर्ट वेगळा.

मेख या पासपोर्टमध्ये आहे. अमेरिकन कोच अमेरिकेच्या राष्ट्रीय संघावर नेमला जातो, त्यामुळे त्याच्या अमेरिकन विद्यार्थ्यांची सोय आपोआप होते. त्याच कोचकडे त्याच तलावात, त्याच धावपट्टीवर घाम गाळणारा भारतीय किंवा केनियन विद्यार्थी मात्र दुसऱ्या झेंड्याखाली खेळतो. त्याच्या राष्ट्रीय संघाने कोचला बोलावलं, कॉलेजने रजा दिली, तर एनसीएएची सूट तिथेही आहे. बोलावलंच नाही तर ती सूट कागदावर राहते.

राष्ट्रीय संघाखेरीजच्या स्पर्धांमध्ये अडचण वेगळी. वैयक्तिक खेळातला विद्यार्थी बाहेरच्या स्पर्धेत 'अनअटॅच्ड' म्हणून, म्हणजे कुणाचाही प्रतिनिधी न होता उतरू शकतो. मग अंगावर कॉलेजचा गणवेश नाही आणि कॉलेजचा पैसाही नाही. तिकीट, हॉटेल, प्रवेश शुल्क सगळं घरचं. कोचला तिथे न्यायचं म्हटलं तर त्याचा खर्च कुणी करायचा? आणि तो गेला तर मागे राहिलेल्या तीस-चाळीस मुलांचा सराव कोण घेणार? बहुतेक वेळा गाडी इथेच अडते, आणि नाव मात्र नियमाचं पुढे केलं जातं. सुट्टीच्या काळात वैयक्तिक खेळाचा कोच खेळाडूने स्वतः मागणी केल्यास त्याच्यासोबत काम करू शकतो. पोहण्यात तर उन्हाळ्यात विद्यापीठाला जोडलेले क्लब असतात, टेक्सासचा लाँगहॉर्न ॲक्वाटिक्स, फ्लोरिडाचा गेटर स्विम क्लब; तलाव तोच, कोचही बरेचदा तोच, फक्त टोपीवरचं नाव बदलतं. म्हणजे वाटा आहेत. त्या विचारणाऱ्यालाच सापडतात, एवढंच.

कोच नसल्याने इतकं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी उंच उडीचं उदाहरण घेतो. धाव साधारण दहा पावलांची, पहिली सरळ रेषेत, शेवटची चार-पाच वळणात. नवा ट्रॅक, पाठीवर वारा, अंगात स्पर्धेची झिंग. प्रत्येक पाऊल दोन सेंटिमीटरने लांबलं की दहाव्या पावलाला टेकऑफ, म्हणजे उडी घेण्याची जागा, 20 सेंटिमीटर पुढे सरकतो. खेळाडू दांडीच्या फार जवळून उडतो आणि वर जातानाच दांडी पाडतो. उलट लांबून उडाला तर सर्वोच्च बिंदू दांडीच्या अलीकडे येतो आणि उतरताना कंबर किंवा मांड्या दांडीवर बसतात. स्वतः उडणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. स्टँडमधून कोचने ओरडून किंवा खुणेने सांगायचं असतं: "मार्क (धाव सुरू करायची खूण) एक बूट मागे घे." जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमात स्पर्धाक्षेत्राबाहेरून असं सांगायला मुभा आहे; मागच्या उडीचा व्हिडिओ कठड्यापाशी जाऊन बघायलाही मुभा आहे, फक्त ते उपकरण आत न्यायचं नाही. तीनपेक्षा जास्त खेळाडू शिल्लक असतील तर प्रयत्नासाठी मिळतं 1 मिनिट.

दांडी वर जाताना पडली की उतरताना, हे कुठलाही जाणता प्रशिक्षक सांगेल. पण हा मुलगा घाबरला की पहिली तीन पावलं घाईत टाकतो की वळण सपाट करतो, हे चार वर्षं त्याला रोज पाहणाऱ्यालाच माहीत. पहिल्या प्रकारात मार्क मागे घ्यायचा असतो. दुसऱ्यात मार्क हलवलात तर आणखी वाटोळं होतं, तिथे फक्त "बाहेरून ये" एवढंच सांगायचं असतं.

तेजस्विन शंकरचंच बघा. कॅन्सस स्टेटला क्लिफ रोव्हेल्टो यांच्याकडे घडलेला उडीपटू. जून 2022 मध्ये अमेरिकेतल्या युजीनला त्याने 2.27 मीटर उडी मारून एनसीएए अजिंक्यपद मिळवलं. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी भारतीय महासंघाने ठरवलेली पात्रताही 2.27 च होती. पण त्याच दिवसांत चेन्नईत आंतरराज्य स्पर्धा चालू होती, तिथे तो नव्हता आणि सूट मागितली नव्हती, म्हणून त्याचं नाव संघात आलं नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, शेवटच्या क्षणी प्रवेश मिळाला, आणि गड्याने 2.22 वर कांस्य आणलं, राष्ट्रकुलमधलं भारताचं उंच उडीतलं पहिलं पदक. यात एनसीएएने कुठे आडकाठी केली? दोन तारखा एकमेकींवर आल्या आणि एक अर्ज राहिला. महासंघाला शिस्त हवी हे मान्य, पण अमेरिकेतल्या कॉलेजांचं वेळापत्रक काही महिने आधीच जाहीर असतं, ते बघून निवड चाचणीची सोय करायला काय हरकत होती?

आणि हा आजार कॉलेजपुरता नाही. टोकियो ऑलिंपिकला टेबल टेनिसपटू मनिका बत्राचे पुण्याचे वैयक्तिक कोच सन्मय परांजपे जपानला पोचले होते, पण त्यांच्याकडे सामन्याच्या जागी बसायचा पास नव्हता. मनिकाने राष्ट्रीय प्रशिक्षकाचा सल्ला घ्यायला नकार दिला आणि कोपऱ्यातली खुर्ची रिकामी ठेवून खेळली. पॅरिसला नेमबाज मनू भाकरचे वैयक्तिक कोच जसपाल राणा प्रेक्षकांत बसून होते. एनसीएएचा इथे काडीचा संबंध नाही. पास मोजके असतात, ते देशाच्या ऑलिंपिक संघटनेमार्फत येतात, आणि वाटप करताना वैयक्तिक कोचचा नंबर बहुधा शेवटी लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. एनसीएएने 20 तासांचं बंधन अजिबात सैल करू नये. ते काढलं तर मुलांचं शिक्षण कोच गिळून टाकतील. पण आपल्या देशाकडून निवड झालेल्या परदेशी विद्यार्थ्याला, स्पर्धेच्या आणि तिच्या आधीच्या शिबिराच्या दिवसांत कोच सोबत न्यायचा असेल तर कॉलेजने रजा आणि खर्च दोन्ही द्यावं, जसं अमेरिकन विद्यार्थ्याच्या बाबतीत अप्रत्यक्षपणे घडतंच. आणि आपल्या महासंघांनी परदेशी कॉलेजांतल्या खेळाडूंच्या कोचची नावं हंगामाच्या सुरुवातीलाच नोंदवून घ्यावीत. ईमेल पाठवायला दमडी लागत नाही.

तोवर पालकांनी काय करावं? स्कॉलरशिपच्या करारावर सही करण्यापूर्वी कोचला लेखी विचारा: माझी निवड झाली तर तुम्ही याल का, खर्च कोण करणार, तुम्ही नसाल तर कुठला सहायक येईल. तोंडी "ऑफ कोर्स, वी विल सपोर्ट यू" याला किंमत नाही. दुसरा ईमेल कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे एनसीएएचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कार्यालयाला. नियमपुस्तक दरवर्षी बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षी सीनियरने सांगितलेलं यंदा लागू असेलच असं नाही. राज्य सरकारने रोख बक्षीस जाहीर केलं तरी हात पुढे करण्याआधी तिथेच विचारा.

आणि कॅलेंडर भिंतीवर लावा. 2026 ची आयची-नागोया आशियाई स्पर्धा 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, म्हणजे अमेरिकन सेमिस्टरच्या ऐन मध्यात. एफ-1 व्हिसावर (विद्यार्थी व्हिसा) पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट, म्हणजे तेवढ्या वजनाचे विषय, घ्यावेच लागतात, त्यामुळे "हे सेमिस्टर हलकं घेतो" म्हणून 9 क्रेडिटवर उतरलात तर प्रश्न खेळाचा राहत नाही, व्हिसाचा होतो. प्राध्यापकांची परवानगी ऑगस्टमध्येच घ्या, सप्टेंबरात नको. आय-20 वर (कॉलेज देतं तो व्हिसाचा कागद) प्रवासाची सही आहे का आणि ती वर्षाच्या आतली आहे का ते बघा, आणि व्हिसाचा शिक्का परतीच्या तारखेला चालू असेल याची खात्री करा. नाहीतर पदक गळ्यात आणि पोरगं नागोयाच्या विमानतळावर. महासंघाला सूट मागणारा अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, स्पर्धेच्या तारखांसकट, चाचणीच्या आधी पोचला पाहिजे, आणि त्याची पोच हातात हवी. त्याच अर्जात खाली कोचचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि पासची मागणी टाकून द्या.